पहाटेची बांग आणि आदली रात्र

लवकर उठण्याचा उपदेश लहानपणीं ज्याच्या कानांवरून गेला नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळाच. घरचीं वडील माणसें तो करीत आलीं, शाळामास्तर करीत आले, वैद्य आणि कीर्तनकारही करीत आले. मात्र या उपदेशाचें अर्धें अंग लवकर निजण्याचें आहे, आणि तें बहुधा पडद्याआड राहतें. उठण्याची वेळ सगळे सांगतात, निजण्याची व्यवस्था फारसें कोणी सांगत नाहीं. ज्या समाजांत पहाटे उठणें ही धर्माची रोजची आज्ञा आहे, त्या समाजाच्या अनुभवाकडे पाहिलें म्हणजे या विस्मरणाची किंमत चांगली कळून येते.

ठाणें, मुंब्रा, कल्याण आणि भिवंडी या पट्ट्यांत मुसलमानांची वस्ती जुनी आणि मोठी आहे. त्यांतील श्रद्धाळू गृहस्थाला दिवसाच्या पांच नमाजांपैकीं चार जागेपणीं गांठतात. फजरची नमाज तेवढी झोंपेच्या पोटांतून काढावी लागते. ती चुकते याची खंत घरोघर असते. मुलांना बोलणीं बसतात, आणि तरुण पिढी आळशी झाली, श्रद्धा पातळ झाली, असा निकालही दिला जातो. असा निकाल देणें सोपें आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथें निराळाच प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या रात्रीच्या शेवटीं ही नमाज यावयाची, ती रात्र तरी पूर्वीची राहिली आहे काय?

आधीं ही वेळ नेमकी कोणती तें पाहूं. रात्रीच्या अखेरीस पूर्वेकडे प्रथम एक उभट, मंद उजेड दिसतो आणि विरून जातो. त्याला सुबह-काजिब, म्हणजे खोटी पहाट, असें म्हणतात. त्यानंतर क्षितिजाला धरून आडवा पसरणारा पांढरा उजेड येतो, ती सुबह-सादिक, म्हणजे खरी पहाट. तेथपासून सूर्याची कड दिसेपर्यंत फजरची मुदत असते. सूर्य क्षितिजाखालीं १८ अंशांवर असतां खरी पहाट झाली असें धरण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. त्या हिशेबानें ठाणें-कल्याणच्या अक्षांशावर जूनच्या आरंभीं ती सुमारें ४ वाजून ४० मिनिटांनीं होते आणि सूर्य ६ वाजतां उगवतो. जानेवारीच्या उत्तरार्धांत तीच पहाट ६ ला दोन-तीन मिनिटें कमी असतां होते, आणि सूर्य सव्वासातला वर येतो. म्हणजे सूर्योदयापूर्वीं सुमारें सव्वा ते दीड तासाच्या मध्यें, ७५ ते ८५ मिनिटांवर, हा उजेड फुटतो.

हिंदु वाचकांस हा हिशेब परका वाटावयाचा नाहीं. सूर्योदयापूर्वींच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटें, हा आपल्या पंचांगांतला अरुणोदय. त्यांपैकीं पहिल्या दोन घटकांचा तो ब्राह्ममुहूर्त. खरी पहाट या ब्राह्ममुहूर्तांतच पडते. देवळांत काकडआरतीची तयारी चालू असावी आणि पलीकडच्या आळींतून बांग ऐकूं यावी, हा योगायोग नव्हे. दोन्ही धर्मांनीं दिवसाचा आरंभ एकाच उजेडापाशीं मांडला आहे. मुसलमानांतल्या दोन पंथांत मात्र या मुदतीच्या वापराबद्दल भेद आहे. कोंकणी मुसलमान शाफई मताचे. त्या मतानुसार फजर अंधार असतांनाच पढणें श्रेष्ठ. उत्तर हिंदुस्थानांतून आलेले मोमीन विणकर बहुतेक हनफी मताचे, आणि त्यांच्याकडे जरा उजाडूं लागल्यावर पढणें श्रेष्ठ मानतात. एकाच गांवांतल्या दोन मशिदींत पहाटेच्या जमातीची वेळ निराळी आढळली तर त्याच्या मुळाशीं हा जुना शास्त्रार्थ असूं शकतो.

इस्लामच्या पहिल्या पिढीनें उठण्याची अडचण ओळखली होती, आणि तिचा उपाय आदल्या संध्याकाळपासून सुरू केला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पैगंबरांना इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजेपूर्वीं झोंपणें आणि तिच्यानंतर गप्पा मारीत बसणें आवडत नसे, असें हदीसांत नमूद आहे. कुराणाच्या नूर नांवाच्या सूरेंत घरांतल्या मुलांनीं आणि नोकरांनीं परवानगीवांचून खोलींत येऊं नये अशा तीन वेळा सांगितल्या आहेत: फजरच्या आधीं, दुपारीं कपडे उतरून पडतात तेव्हां, आणि इशानंतर. विषय शिष्टाचाराचा आहे, परंतु त्यांतून त्या काळच्या घराचें वेळापत्रक आपोआप हातीं लागतें. इशा झाली कीं निजणें, दुपारीं थोडी विश्रांति, आणि उजाडण्यापूर्वीं उठणें. दुपारच्या या विश्रांतीला कैलूला असें स्वतंत्र नांव आहे आणि ती पुण्यप्रद मानली आहे. रात्रीं जें कमी पडेल तें दुपारीं भरून निघावें, अशी ही योजना.

हांक मारण्याची व्यवस्थाही दुहेरी होती. मदीनेंत बिलाल रात्र उरलेली असतांनाच एक बांग देत, आणि खऱ्या पहाटेची बांग इब्न उम्म मक्तूम देत. हे दुसरे गृहस्थ अंध होते. पहाट झाली असें लोकांनीं सांगितलें म्हणजे ते बांग देत. पहिल्या हांकेनें झोंपलेला जागा होई आणि नमाजेंत उभा असलेला थोडा विसांवा घेई. एवढी काळजी घेऊनही एकदां प्रवासांत सर्वच जण झोंपून राहिले. जागें राहण्याचें काम अंगावर घेतलेल्या बिलालचाही उंटाला टेकून डोळा लागला आणि सूर्याचें ऊन अंगावर आलें तेव्हां मंडळी उठली. पैगंबरांनीं त्यावर कोणाला शिक्षा केली नाहीं. मुक्काम थोडा पुढें हलवून त्यांनीं ती नमाज पढविली. पुढें शास्त्रकारांनीं झोंपेनें चुकलेल्या नमाजेचा नियम या प्रसंगावरून बसविला. जाग येतांच ती पढावी, आणि झोंपेंत हातून घडलेल्या गोष्टीचा दोष लावूं नये. घरांतल्या मुलाला रागें भरणाऱ्या वडिलांनीं हा प्रसंग आठवावा असा आहे.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चेऊलला आला, तेव्हां उत्तर कोंकणांत शिलाहार झंझ राज्य करीत होता. चेऊलांत मुसलमानांची वस्ती सुमारें दहा हजार असल्याचें मसूदीनें लिहून ठेवलें आहे. म्हणजे या किनाऱ्याला पहाटेच्या बांगेचा परिचय हजार वर्षांहून अधिक काळाचा आहे. पुढें कल्याणवर बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मराठी आणि मोंगल असे अंमल आले आणि गेले, पण वेळ मोजण्याची रीत तीच राहिली. पाण्यांत सोडलेलें सच्छिद्र तांब्याचें घटिकापात्र चोवीस मिनिटांनीं बुडे, आणि धातूच्या थाळीवर ठोका पडे. या थाळीला फारशींत ‘तास’ म्हणत. आज मराठी मनुष्य ज्याला तास म्हणतो त्या शब्दाच्या पोटांत ही थाळी आहे. ‘घड्याळ’ हा शब्दही मूळचा ठोक्याच्या थाळीचाच. परंतु हें मोजमाप सूर्याच्या अंकित असे. सूर्योदयापासून घटका मोजावयाच्या, आणि सूर्य लवकर उगवला तर दिवसही लवकर सुरू व्हावयाचा.

रात्र त्या वेळीं खरोखर रात्र होती. उंडेल, करंजेल यांसारखें दिव्याचें तेल जपून जाळावें लागे. दिवेलागणीनंतर जेवण, थोडें बोलणें, आणि दिवा मालवणें, हा कोंकणांतल्या हिंदु आणि मुसलमान दोन्ही घरांचा क्रम होता. जूनमध्यें इशाची वेळ होण्यापासून खऱ्या पहाटेपर्यंत आठ तासांस थोडी कमी, आणि जानेवारींत दहा तासांहून अधिक एवढी रात्र आपल्या अक्षांशावर उरते. सर्वांत लहान रात्रींतही मनुष्याच्या झोंपेचा वांटा पुरेपूर बसतो. म्हणून पहाटे जात्यावर बसणारी बाई, औत जुंपणारा कुणबी आणि मशिदीकडे निघालेला मुसलमान हे तिघेही कोणताही पराक्रम न करतां उठत असत. रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकारानें २००५ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं युरोपांतही दिव्यांचा सुकाळ होण्यापूर्वीं लोक लवकर निजत, मध्यरात्रीच्या सुमारास जागे होऊन कांहीं वेळ प्रार्थना करीत किंवा बोलत, आणि पुन्हां झोंपत. मुसलमानांची तहज्जुदची नमाज, म्हणजे एक झोंप झाल्यावर उठून पढावयाची ऐच्छिक नमाज, अशाच लांब रात्रींत सहज बसते. पांच तासांच्या रात्रींत ती कशी बसावी?

ही रात्र आमच्या भागांत कशी मोडली, याचा आरंभ रेल्वेपासून धरावा लागेल. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी आली, आणि मे १८५४ मध्यें ती कल्याणास पोंचली. गाडीबरोबर तिची वेळही आली. देशभरच्या गाड्यांसाठीं पुढें मद्रासची वेळ प्रमाण धरण्यांत आली. ती मुंबईच्या सूर्याच्या अर्धा तास पुढें होती. तेव्हां ठाण्या-कल्याणांत मशिदीची वेळ एक आणि स्टेशनची दुसरी झाली. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें सर्व देशासाठीं एकच वेळ ठरविली. ती मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटें पुढें होती. मुंबईंत याविरुद्ध मोठी ओरड झाली. त्याच महिन्यांत एका गिरणींतल्या कामगारांनीं नव्या वेळेवर काम करण्याचें नाकारलें. शहरांतलीं कित्येक घड्याळें तर १९५५ पर्यंत जुनाच ‘मुंबई टाइम’ दाखवीत राहिलीं.

आज आपणांस ही ओरड हास्यास्पद वाटते, परंतु कामगाराचें गणित बरोबर होतें. घड्याळांत पूर्वीं आठला सुरू होणारें काम नव्या घड्याळांतही आठलाच सुरू झालें, तर सूर्याच्या हिशेबानें तें ३९ मिनिटें आधीं आलें. पहाट आणि कामाचा भोंगा यांच्यामध्यें नमाजेला, न्याहारीला, चालण्याला जो वेळ होता त्यांतून एवढा तुकडा कापला गेला. दुसरें टोक संध्याकाळीं दिसलें. जूनमध्यें सूर्य जुन्या वेळेनें पावणेसातच्या आंत मावळे, तो नव्या घड्याळांत सव्वासात उलटून गेल्यावर मावळूं लागला. इशाची वेळ आठच्या सुमारास होई, ती पावणेनऊवर गेली. रात्रीची लांबी यानें बदलली नाहीं. पण तिचा धनी बदलला. पूर्वीं सूर्य काम नेमून देई, आतां घड्याळ नेमून देऊं लागलें. दुसऱ्या महायुद्धांत, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, हेंच घड्याळ आणखी एक तास पुढें होतें. त्या तीन वर्षांत ठाण्याची जूनमधली खरी पहाट पावणेसहाच्या सुमारास झालेली लोकांनीं पाहिली.

घड्याळानें धनीपण घेतलें, आणि विजेनें रात्र खाल्ली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्तानंतरही माग चालूं लागले. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतल्या पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली, यावरून आधींची स्थिति काय असेल हें समजतें. फेब्रुवारी १९२५ मध्यें मुंबईहून विजेची गाडी सुरू झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस ती कल्याणपर्यंत आली. तिला वीज पुरविणारें चोळ्याचें वीजघर डोंबिवली-कल्याणच्या मध्यें ठाकुर्लीस उभें राहिलें. तें आतां बंद आहे, पण त्यानें शक्य केलेलें जीवन चालूच आहे. मुंबईंत काम करावें आणि तीस-चाळीस मैलांवर निजावें, हें या गाडीनें शक्य केलें. डोंबिवली मध्यमवर्गानें भरली. १९९२-९३ च्या मुंबईंतल्या दंगलींनंतर अनेक मुसलमान कुटुंबें मुंब्रा-कौसा भागांत येऊन राहिलीं. त्यांचें घर हललें, काम मात्र पुष्कळांचें मुंबईंतच राहिलें.

अशा एका घराचा हिशेब मांडून पाहूं. दुकान बंद करून कमावता मनुष्य रात्रीं साडेआठला निघाला तर गाडी, रिक्षा धरून दहाच्या सुमारास घरीं येतो. इशा पढून जेवावयास साडेदहा होतात. मुलांशीं दोन शब्द बोलून पडेपर्यंत साडेअकरा. जूनमध्यें खरी पहाट झाल्याबरोबर उठावयाचें तर त्याला पांच तास दहा मिनिटें मिळतात. जानेवारींत साडेसहा तास. त्याची बायको त्याच्या मागून निजते आणि डबा करावयाचा म्हणून त्याच्या आधीं उठते. तिच्या वांट्याला त्याहून कमी. दुपारच्या कैलूल्याला लोकलच्या डब्यांत जागा नाहीं, फार तर उभ्यानें डुलकी. भिवंडीच्या यंत्रमागांवर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळीच्या विणकराला तर पहाटे उठण्याचा प्रश्नच नाहीं, कारण त्याची पहाट दिवसाच्या शेवटीं येते. नमाज पढून तो निजावयास जातो आणि सारी वस्ती जागी असतांना झोंप मिळविण्याची त्याची झटापट सुरू होते. या माणसांना आळशी म्हणणें हें इतिहासाचें ओझें त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणें आहे.

मध्यंतरीं एका यंत्रानें ही उणीव कांहीं काळ झांकली. मशिदींवर ध्वनिवर्धक आले, आणि बांग पूर्वीं जेथवर पोंचत नसे तेथवर, बंद खिडक्यांच्या आंत, जाऊं लागली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं १० ते सकाळीं ६ ध्वनिवर्धकाला मनाई केली आणि २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तिच्यावर शिक्कामोर्तब केलें. आपल्याकडे खरी पहाट वर्षभर सहाच्या आंतच होते, हें वर आलेंच आहे. २०२२ मध्यें महाराष्ट्रांत या प्रश्नावर बराच वाद माजला आणि अनेक मशिदींनीं पहाटेची बांग ध्वनिवर्धकावांचून देण्यास आरंभ केला. वादाच्या बऱ्यावाईटांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें एवढेंच दिसतें कीं उठविण्याची जबाबदारी फिरून घरावर आली. बिलालच्या काळींही ती बव्हंशीं घरावरच होती, आणि तेव्हां घराजवळ तिला पुरेल एवढी रात्र होती.

मग आजच्या घरानें करावें काय? जुन्या व्यवस्थेंतून तीन गोष्टी अजूनही उचलतां येतील असें मला वाटतें. पहिली, हिशेब उठण्यापासून मागें मोजावा. सात तास झोंप हवी असेल तर जूनमध्यें साडेनऊला आणि जानेवारींत अकराला डोळा लागला पाहिजे. वर्षभर घड्याळांतला एकच आंकडा धरून चालत नाहीं. जूनमधला सूर्योदय आणि जानेवारीमधली खरी पहाट हीं दोन्ही सहाच्या अगदीं लगत येतात, त्यामुळें बाराही महिने फजरच्या मुदतींत पडेल अशी वेळ शोधूं गेल्यास हातीं जेमतेम एक-दोन मिनिटें लागतात. जुनी माणसें ऋतूप्रमाणें निजत आणि उठत, तें अडाणीपणानें नव्हे. दुसरी, मुदत सूर्योदयापर्यंत आहे हें विसरूं नये. उशीरा घरीं येणारा मनुष्य जूनमध्यें साडेपांचला उठला तरी त्याची नमाज वेळेंत होते आणि त्याला सहा तास मिळतात. हनफी मताला तर जरा उजाडलेलेंच पसंत आहे. तिसरी, इशानंतरचें बोलणें आवरावें. पूर्वीं तें ओसरीवर चाले आणि दिव्याचें तेल संपलें कीं संपे. आतां तें हातांतल्या फोनवर चालतें आणि त्याचें तेल संपत नाहीं. डोळ्यांशीं धरलेल्या त्या उजेडानें झोंप आणणारें मेलॅटोनिन शरीरांत उशीरा वाढतें, हें शरीरशास्त्रही सांगतें. दिवा मालवण्याचें काम पूर्वीं गरिबी करीत असे. आतां तें निश्चयानें करावें लागेल.

यापलीकडची चौथी गोष्ट मात्र एकट्या घराच्या हातची नाहीं. दुकानांच्या वेळा, पाळ्यांची लांबी, रात्रीच्या गाडींतली गर्दी, घर आणि काम यांमधलें अंतर, हीं समाजानें ठरविलेलीं आहेत आणि समाजच तीं बदलूं शकतो. १९०६ सालच्या गिरणीकामगारानें ३९ मिनिटांसाठीं हात आंखडला, कारण तीं मिनिटें आपलीं आहेत हें त्याला ठाऊक होतें. आज काकडआरतीला जाणारी डोंबिवलीची आजी, पहाटेच्या गाडीसाठीं धांवणारा कल्याणचा कारकून आणि फजरला उठूं पाहणारा मुंब्र्याचा तरुण या तिघांचीही तक्रार एकच आहे, आणि तिघांनाही तिचें निदान ठाऊक नाहीं. त्यांची पहाट कोणी नेलेली नाहीं, ती आपल्या वेळेवर रोज येते. गेली आहे ती तिच्या आदली रात्र, आणि ती परत मागण्याचा हक्क तिघांचाही सारखा आहे.